आवक क्रमांक ४११७

"दोनच प्रती आहेत," ठप्पेकाका म्हणाले. "तीन लागतात."

"तिसरी कशाला?" खिडकीपलीकडच्या मुलीनं विचारलं.

"पहिली हरवली तर दुसरी असावी म्हणून."

"अहो, मग झाल्या की दोन."

"तिसरी आम्ही हरवण्यासाठी घेतो."

काकांनी हे इतक्या गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की हसावं का तक्रार करावी हे त्या मुलीला ठरवता येईना. ती खांद्यावरची लॅपटॉपची पिशवी सावरत तशीच उभी राहिली.

पेटंट कार्यालयाच्या तळमजल्यावरची ही आवक खिडकी. जगातला कुठलाही शोध, मग तो बटाटे सोलायचा असो की उपग्रह सोडायचा, या कार्यालयात शिरताना आधी या खिडकीतून शिरतो. तिथे त्याच्यावर तारखेचा शिक्का बसतो, शिक्क्याखाली वेळ लिहिली जाते आणि पुढे एक क्रमांक पडतो. गेली सत्तावीस वर्षं हे काम एकच माणूस करत होता. त्याचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर होतं, आणि तेही चुकीचं छापलेलं. बाकी सगळे ठप्पेकाका म्हणत.

काकांचं एक तत्त्व होतं. दारातून आत आला तो कागद, आणि कागद आला की शिक्का. संचालकांच्या मुलीची लग्नपत्रिका आवक झाली होती. चहावाल्याचं बिल आवक झालं होतं. बायकोनं शिपायाबरोबर पाठवलेली ‘येताना साबण आणा’ ही चिठ्ठीही रीतसर आवक झाली होती, आणि तिच्यावर ‘कार्यवाही पूर्ण’ असा शेरा पडायला चार दिवस लागले होते. ते चार दिवस काकांच्या घरी कुणी साबण लावला नाही.

"कशाबद्दल आहे?" काकांनी अर्ज उलटून पाहत विचारलं.

"हरकत आहे. एका पेटंटवर." मुलगी पुढे वाकली. "मी एक प्रोग्राम लिहिलाय. आधारगृहातल्या बायकांसाठी. घर सोडून आलेल्या असतात हो त्या. आईला, बहिणीला लिहायचं असतं. साधं लिहिलं की कुणीतरी मधेच वाचतं. एकीच्या दिरानं मोबाइलच्या दुकानदाराला हाताशी धरून तिचा पत्ता काढला. दारात येऊन उभा! म्हणून मी कुलूपबंद पत्रांचा प्रोग्राम केला. फुकट. एकशे बारा बायका वापरतात."

"मग?"

"मग कंपनीची नोटीस आली. म्हणे कुलूप आमचं. एक तारखेपासून बंद करा."

"कुलूप त्यांचं कसं?"

"दोन किल्ल्यांची युक्ती असते. म्हणजे दोन आकडे. पहिला आपण चारचौघांत सांगून टाकायचा. तो वापरून कुणीही आपल्यासाठी पत्र बंद करू शकतं. उघडायला मात्र दुसरा आकडा लागतो, आणि तो फक्त आपल्याजवळ."

काकांनी क्षणभर विचार केला. "टपालपेटी."

"काय?"

"टाकणारे शंभर, उघडणारा एक. टपालपेटीच आहे ही."

"काका, टपालपेटीवर कुणी कंपनी हक्क सांगत नाही."

"सांगेल. अजून अर्ज आलेला नाही इतकंच."

या मुलीला काकांनी मनातल्या मनात कुलूपवाली असं नाव देऊन टाकलं आणि तिचा अर्ज वाचायला घेतला. तिनं हरकतीचं कारण लिहिलं होतं, ‘हा सरळसरळ अन्याय आहे.’ खाली तीन उद्गारचिन्हं होती.

"हे कारण कायद्यात नाही," काका म्हणाले.

"मग कुठलं आहे?"

"ते मला सांगता येत नाही. मी आवक आहे. सल्ला देणं माझं काम नाही."

"सगळे एकच सल्ला देतायत," कुलूपवाली वैतागून म्हणाली. "थांब म्हणतात. पेटंटचं आयुष्य वीस वर्षं, त्यातलं एक वर्ष सात महिने उरलंय, आपोआप संपेल. आता दिराला जाऊन काय सांगू? भाऊजी, मुदत संपेपर्यंत जरा दम धरा?"

काकांची नजर तोवर अर्जातल्या पेटंट क्रमांकावर गेली होती. तिथून ती मूळ अर्जाच्या तारखेवर गेली. मग ती तिथेच थांबली. लोकांना मुलांचे वाढदिवस आठवतात तसे काकांना आवक क्रमांक आठवत, आणि हा तर त्यांचा थोरलाच म्हणायचा. त्यांचे कान लाल झाले.

"काका? बरं वाटत नाही का?"

"चार हजार एकशे सतरा," काका म्हणाले.

"काय चार हजार?"

"त्याच वर्षीचा आवक क्रमांक. आवक झालेल्या कुठल्याही कागदाची प्रत कुठल्याही नागरिकाला मागता येते. हा सल्ला नाही, नियम आहे. तुमच्या मागच्या भिंतीवर लावलाय. त्याच्यापुढे कपाट ठेवलंय, पण लावलाय."

"काय आहे त्या कागदात?"

"मी काही बोललो नाही. मला आकडे पुटपुटायची सवय आहे," असं म्हणून काकांनी तिच्या अर्जावर शिक्का मारला. तो थोडा तिरका पडला. सत्तावीस वर्षांत असं तिसऱ्यांदाच झालं होतं.

त्याचं कारण साडेअठरा वर्षांपूर्वीच्या एका सोमवारी होतं. त्या सोमवारी एक गणिताचा मास्तर खिडकीशी आला होता. पेटंटचा अर्ज कसा करायचा हे त्याला विचारायचं होतं. जाता जाता त्यानं हातातल्या गठ्ठ्यातलं एक पत्रक काकांच्या पुढ्यात टाकलं. ‘येत्या गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता व्याख्यान. विषय : जगजाहीर किल्लीचे गुप्त कुलूप. सर्वांना मुक्त प्रवेश.’ मास्तरच्या व्याख्यानाला कधी कुणी येत नसे. म्हणून अख्खं व्याख्यान त्यानं पत्रकाच्या पाठीवर आकृतीसकट छापून टाकलं होतं आणि ते पत्रक तो दिसेल त्याच्या हातात कोंबत गावभर फिरत होता. काकांनी शिक्का मारला. क्रमांक ४११७. तेवढ्यावर थांबले असते तर काका आज कदाचित वरच्या मजल्यावर पंख्याखाली बसले असते. पण पत्रकावर ‘अवश्य यावे’ असं छापलेलं होतं, म्हणून काकांनी ते ‘कार्यवाहीसाठी’ पुढे पाठवलं.

आणि कार्यवाही झाली. तीन टेबलांवर तीन शेरे पडले. चौथ्या टेबलावर कुणीतरी न वाचताच ‘उपस्थित राहावे’ असं लिहिलं, आणि संचालक दोन अधिकारी घेऊन सरकारी गाडीनं गुरुवारी व्याख्यानाला हजर झाले. हॉलमध्ये मास्तर होता, मास्तरची आई होती, आणि सावलीला आलेली चार-पाच माणसं होती. मास्तर अडीच तास बोलला. संचालकांना त्यातलं काहीही कळलं नाही, आणि मधून उठताही आलं नाही, कारण मास्तर दर वाक्य त्यांच्याकडे बघून म्हणत होता. शेवटी आभारप्रदर्शनही संचालकांनाच करावं लागलं.

शुक्रवारी काकांना लेखी ताकीद मिळाली. त्या वर्षी ज्यांची बढती व्हायची होती त्या यादीतून त्यांचं नाव गेलं, आणि पुन्हा काही आलं नाही. ताकीद हातात पडल्यावर काकांनी काय केलं असेल? आवक केली. क्रमांक ४२२५.

मास्तर तेविसाव्या दिवशी अर्ज घेऊन आला. पुढे पेटंट एका कंपनीला विकून तो कुठे गेला कुणास ठाऊक. त्याला व्याख्यानाला लोक मिळाले असतील अशी आशा करायला हरकत नाही.

चार दिवसांनी कुलूपवाली धापा टाकत खिडकीशी आली. तिच्या हातात अभिलेख विभागाचं उत्तर होतं.

"काका, हे काय लिहिलंय? ‘सदर कागद जागेवर नसून आवक कारकुनाच्या वैयक्तिक फाइलीस पुरावा म्हणून जोडलेला आहे.’ कशाचा पुरावा?"

"माझ्या मूर्खपणाचा," काका म्हणाले.

"म्हणजे?"

"ताकिदीला जोडलाय तो. त्याला फेकायची कुणाची हिंमत झाली नाही, कारण तो शिस्तभंगाचा पुरावा आहे. इतर पत्रकांच्या केव्हाच पुड्या झाल्या असतील."

कुलूपवाली हुशार होती. तिनं दोन तारखा बोटांवर मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि तिचे डोळे मोठे झाले. "अर्जाच्या आधी! म्हणजे त्यानं अर्ज करायच्या आधीच सगळं जगाला सांगून टाकलं होतं! मग पेटंट कसलं?"

"मी आवक आहे," काका म्हणाले.

"काका, ती ताकीद सुनावणीत वाचायला लागेल. सगळ्यांसमोर. चालेल तुम्हाला?"

काकांनी शिक्क्याची शाई तपासली. शाई होती. "एकशे बारा म्हणालात ना?"

"एकशे चौदा झाल्या काल."

"मग वाचू."

हे म्हणणं खिडकीत सोपं होतं. घरी जायचं म्हणजे दोन मजले चढून जायचं होतं, आणि घरात बायको होती.

काकांची बायको घरी शिवणकाम करत असे. सुनावणीची समन्सं पोचली त्या संध्याकाळी काका आले तेव्हा ती मशीनवर होती, गळ्यात टेप.

"मला एक सांगायचंय," काका दारातच म्हणाले.

"कोण गेलं?"

"कुणी नाही. बढतीचं आहे."

मशीन थांबलं. "मिळाली?"

"नाही, अठरा वर्षांपूर्वी नाही मिळाली ना, ती."

"तिचं काय आता? वरच्यांनी आपल्या पुतण्याला चिकटवलं तुमच्या जागी. त्यांचं भलं होणार नाही."

वरचे म्हणजे डोक्यावरच्याच मजल्यावर राहणारे निवृत्त हेडक्लार्क. त्या काळचे काकांचे साहेब.

"त्यांनी नाही चिकटवलं," काका म्हणाले. "मला त्यांच्या सहीची ताकीद मिळाली होती. ती आता एका सुनावणीत वाचणार आहेत. चूक माझी होती. तुला सांगायची लाज वाटली, म्हणून मी पुतण्याचं सांगितलं."

"पण पुतण्याला घेतलं ते घेतलंच ना?"

"त्यांना पुतण्या नाही."

बायको मशीनवरून वळली. "अठरा वर्षं मी ज्याला शिव्या घालतेय, तो माणूस नाहीच?"

"नाही."

"मी त्याचं वाटोळं होऊ दे म्हणून उपास केलेत!"

"त्यानं कुणाचं नुकसान झालेलं नाही," काकांनी सावधपणे सांगितलं.

"अहो, माझं झालं!" बायको उठली. "वरच्या वहिनींशी बोलणं टाकलं मी. नुकतंच कुठे जमत होतं आमचं. इतकं हसायचो आम्ही की खालचे वर यायचे बघायला. आणि मग मी जिन्यात त्या दिसल्या की मान वळवायची. अठरा वर्षं एकाच बाजूला! डॉक्टर म्हणतात, तुमची मान एकीकडे आखडली कशानं? मी म्हणते शिवणकामानं. काय सांगू, पुतण्यानं आखडली?"

बायकोनं गळ्यातला टेप काढला, गुंडाळला, पुन्हा सोडला.

"आणि वरच्यांना माहीत होतं, तुम्ही हे पसरवलंय ते?"

"माहीत नाही."

"मग जा आणि विचारा. तसंही त्यांना सुनावणीला यावं लागेल ना, सही त्यांची म्हणजे?"

काका वर गेले. हेडक्लार्कांनी दार उघडलं. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी त्यांच्या खिशाला दोन पेनं होती, एक निळं, एक लाल.

"समन्स मिळालं," ते म्हणाले. "येईन."

"साहेब, मी घरी तुमच्याबद्दल काय सांगितलं होतं, ते तुम्हाला..."

"पुतण्याचं? कळलं होतं त्याच आठवड्यात. अख्ख्या इमारतीला कळलं होतं."

"मग तुम्ही खरं का नाही सांगितलंत?"

हेडक्लार्कांना प्रश्नच समजला नाही. "ताकीद गोपनीय असते," ते म्हणाले.

"पण तुमची बदनामी झाली. अठरा वर्षं."

"हो. पण ताकीद गोपनीय असते." मग ते आत डोकावून, आवाज उतरवून म्हणाले, "आमच्या हिनंही विचारलं होतं. म्हणाली, तुम्ही एकुलते एक, तुम्हाला पुतण्या कुठून आला? मी म्हणालो, गोपनीय आहे. तेव्हापासून तिचा माझ्यावर संशय आहे."

सुनावणी अठ्ठावीस तारखेला सकाळी अकराला सुरू झाली. खोली लहान होती. टेबलामागे सुनावणीच्या मॅडम होत्या, डाव्या हाताला कंपनीचे वकील आणि त्यांच्या तीन बॅगा, उजव्या हाताला कुलूपवाली आणि तिची एक पिशवी. मागे एकच लांब बाक होता. त्याच्या एका टोकाला काकांची बायको बसली, दुसऱ्या टोकाला वरच्या वहिनी. मधे सहा माणसं बसतील एवढी जागा होती आणि शिपाईसुद्धा तिथे बसायला धजत नव्हता.

मॅडमनी पत्रक उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं. "पेटंटात जे आहे ते सगळं या आकृतीत आहे," त्या म्हणाल्या. "प्रश्न एवढाच की हे अर्जाच्या आधी लोकांपुढे आलं होतं का. आलं असेल, तर पेटंट टिकत नाही."

वकील उठले. "मॅडम, यावर तारीखच नाही. ‘येत्या गुरुवारी’ म्हणजे कुठल्या? वर्षाला बावन्न गुरुवार असतात."

"शिक्का आहे की," मॅडम म्हणाल्या.

"शिक्क्यावर काय विश्वास ठेवायचा? माझ्या माहितीप्रमाणे या गृहस्थांनी साबणाच्या चिठ्ठीवरही शिक्का मारला होता!"

खोलीत हशा झाला. काका उभे राहिले. "मारला होता," ते म्हणाले. "तारीख बरोबर होती."

हशा थांबला.

"पत्रकाचा क्रमांक चार हजार एकशे सतरा," काका पुढे म्हणाले. "पेटंटच्या अर्जाचा चार हजार सहाशे दोन. मधे चारशे चौऱ्याऐंशी कागद आले. ते सगळे रजिस्टरात आहेत, ओळीनं. पत्रक मागाहून घुसवायचं तर या चारशे चौऱ्याऐंशी लोकांना परत बोलावून एकेक घर पुढे सरकवावं लागेल. त्यातले काही वारले."

मॅडमनी रजिस्टर मागवलं, बोट फिरवत दोन पानं पाहिली आणि मिटलं. "तारीख मान्य."

वकिलांनी दुसरी बॅग उघडली. "ठीक आहे. पण एक पत्रक एका कारकुनाच्या टेबलावर पडलं, म्हणजे ते जगजाहीर झालं का? व्याख्यान झालं याला पुरावा काय? झालं तर ते खुलं होतं की खासगी? आणि एवढ्याशा कागदावरून कुणाला ते कुलूप करता येईल का?"

"काका," मॅडम म्हणाल्या, "ती ताकीद वाचता का? ज्यांना मिळाली त्यांनीच वाचलेली बरी."

काकांनी फाइल हातात घेतली. बाकाकडे त्यांनी पाहिलं नाही. घसा खाकरला. मग खिडकीत ‘पुढचे’ म्हणायचा जो आवाज होता, त्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

"‘आपण एका खासगी व्याख्यात्याच्या जाहिरातवजा पत्रकास कार्यालयीन कागद समजून आवक केले व कार्यवाहीस्तव पाठवले. ही अक्षम्य बेफिकिरी आहे. त्यामुळे मा. संचालकांना दि. अकरा रोजी सदर व्याख्यानास अडीच तास उपस्थित राहावे लागले.’"

"व्याख्यान झालं," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी वहीत एक खूण केली. "तारीख अकरा. पुढे."

"‘सदर हॉलची दारे सताड उघडी असल्याने रस्त्यावरील कोणीही इसम आत येऊन बसत होता. मा. संचालकांना एका फुगेवाल्याच्या शेजारी बसावे लागले. उघड्या दारांमुळे त्यांना सर्दी झाली.’"

"खुलं होतं," मॅडमनी दुसरी खूण केली. "फुगेवाला जनतेत मोडतो ना वकीलसाहेब?"

"मोडतो," वकील नाइलाजानं म्हणाले. "पण सावलीला आलेल्या फुगेवाल्याला त्यातलं काय कळणार? मुद्दा तोच आहे, मॅडम. त्या पत्रकावरून कुणालाही ते कुलूप प्रत्यक्षात वापरता येणं शक्य नव्हतं. हे अवघड शास्त्र आहे!"

"पुढे," मॅडम म्हणाल्या.

काकांनी पान उलटलं. "‘इतकेच नव्हे, तर सदर पत्रक टेबलोटेबली फिरल्याने लेखा विभागातील दोन कर्मचारी त्याच्या पाठीवरील आकृतीबरहुकूम, कार्यालयाचे गणकयंत्र वापरून, कार्यालयीन वेळेत एकमेकांस कुलूपबंद चिठ्ठ्या पाठवत असल्याचे दि. बारा रोजी निदर्शनास आले. सदर चिठ्ठ्या जप्त केल्या, परंतु सर्व प्रयत्न करूनही त्या उघडता आलेल्या नाहीत.’"

कुलूपवालीच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. तिनं तोंडावर हात दाबला. वकिलांनी तिसरी बॅग उघडण्यासाठी घेतलेला हात मागे घेतला.

"वाचून करता येतं," मॅडम म्हणाल्या आणि तिसरी खूण केली. "उघडताही आल्या नाहीत, म्हणजे कुलूप चांगलं होतं. संपलं का?"

"शेवटचं एक वाक्य आहे."

"वाचा."

"‘सदर कर्मचाऱ्याच्या हातून नोंद न होता सुटलेला एकही कागद आजवर आढळलेला नाही, ही बाब गंभीर असून त्यांना बढतीस अपात्र ठरवण्यात येत आहे.’"

या वेळी कुणी हसलं नाही. काकांनी फाइल मिटली आणि ती कुठे ठेवायची ते न कळून हातातच धरली.

हेडक्लार्कांना पुढे बोलावण्यात आलं. त्यांनी चष्मा लावून सही पाहिली, चष्मा काढून पाहिली. "सही माझी," ते म्हणाले. "मजकूरही माझा. आणि माझं मत आजही तेच आहे."

"कुठलं मत?"

"की कामाचा कागद कुठला आणि कचरा कुठला, हे या माणसाला कळत नाही."

"हेडक्लार्कसाहेब," मॅडम म्हणाल्या, "ते तुम्हाला तरी कुठे कळलं होतं?"

हेडक्लार्कांनी यावर गंभीरपणे विचार केला. मग ते काकांकडे वळले, आणि निवृत्त माणसानं देणं शक्य आहे तेवढं एकच दिलं. मान लववली. कारकुनापुढे हेडक्लार्कनं मान लववल्याचं त्या इमारतीत कुणाला आठवत नव्हतं.

निकाल द्यायला मॅडमना दहा मिनिटं लागली. "कंपनीचं म्हणणं आहे, या पेटंटची मुदत संपायला एक वर्ष सात महिने आहेत," त्या म्हणाल्या. "मुदत संपायला ती आधी सुरू व्हावी लागते. अर्ज आला त्या दिवशी हा शोध एका फुगेवाल्याला, एका संचालकाला आणि लेखा विभागातल्या दोघांना ठाऊक होता. पेटंट पहिल्या दिवसापासून रद्द. नोटीस रद्द. हा शोध सगळ्यांचा आहे."

"आम्ही अपील करू," वकील म्हणाले.

"जरूर. आवक खिडकी तळमजल्यावर आहे."

वकिलांनी ठप्पेकाकांकडे पाहिलं आणि तिन्ही बॅगा बंद केल्या.

कुलूपवाली दारातच फोनला लागली होती. "बंद नाही करायचं! हो. एक तारखेलाही नाही, कधीच नाही! अगं, ऐकू येतंय ना? कधीच नाही!" पलीकडून जो गलका झाला त्यानं दोन खोल्या सोडून बसलेला एक अधिकारी बाहेर येऊन बघून गेला. तिनं फोन लांब धरला, काकांच्या कानाशी नेला. काकांना त्यातला एकही शब्द कळला नाही. बायका हसत होत्या की रडत होत्या हेही कळलं नाही. ते फोनमध्ये "बरं, बरं," म्हणाले, आणि हे आपण कुणाला म्हणतोय ते ठाऊक नसल्यानं पुन्हा एकदा "बरं" म्हणाले.

"काका, त्या विचारतायत, तुम्हाला काय देऊ?"

"देऊ नका काही," काका घाईनं म्हणाले. "आवक करावं लागेल."

तोवर बाकाच्या एका टोकावरून काकांची बायको उठली होती. सहा माणसांची ती रिकामी जागा तिनं पायी ओलांडली आणि वहिनींपुढे उभी राहिली.

"वहिनी," ती म्हणाली, "तुम्हाला पुतण्या नाही म्हणे."

"नाही हो," वहिनी म्हणाल्या. "अठरा वर्षं मीपण शोधतेय."

आधी वहिनींचे खांदे हलले, मग बायकोचे, आणि मग दोघी अशा हसत सुटल्या की मॅडमना आपले कागद गोळा करून दुसऱ्या खोलीत जावं लागलं.

त्यानंतर चौघं बसस्टॉपवर आली. बायका पुढे, पुरुष मागे. पुरुषांच्या हातात चार पिशव्या होत्या. घराकडची पहिली बस आली. दोघी बोलत होत्या, त्यांनी पाहिलं नाही. काकांनी हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या. दुसरी बस आली, थांबली, गेली.

"बोलवायचं का?" हेडक्लार्कांनी हळूच विचारलं.

"नको," काका म्हणाले.

रस्त्यावर गाड्यांचा आवाज होता, त्यामुळे त्या दोघी काय बोलत होत्या ते इथवर येत नव्हतं. एवढंच दिसत होतं की वहिनी आपल्या मुलीबद्दल काहीतरी सांगतायत. ती केव्हाच नोकरीला परगावी गेली होती. वहिनींनी हात गुडघ्यापाशी धरला, एवढी होती तेव्हा. मग कमरेपाशी धरला, बोलत राहिल्या. मग खांद्यापाशी. काकांची बायको त्या हाताकडे बघत होती, आणि तो हात हळूहळू वहिनींच्या डोक्याच्याही वर गेला.

तिसरी बस आली. काकांनी ड्रायव्हरला हातानंच खूण केली, जा म्हणून.